राब गार होईपर्यंत

वाडीवरून, ता. वेल्हे
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

कुमार,

इथं आशीर्वाद लिहिणार होतो. तुमच्यात आमचे आशीर्वाद चालतात की नाही ते ठाऊक नाही, म्हणून वर जागा मोकळी सोडली आहे. चालत असतील तर तूच भरून घे.

तुझं पत्र तू बहिणीकडं पाठवलंस, ते सुलक्षणेनं किकवीहून येताना आणून दिलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तुला मुलगा झाला, तो दोन महिन्यांचा आहे, ईस्टरच्या दिवशी म्हणजे पाच एप्रिलला त्याचा बाप्तिस्मा आहे आणि दादांनी श्रीरामपूरला यावं, असं लिहिलं आहेस. पत्र तीनदा वाचलं. चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाला तीनदा वाचावंच लागतं.

तरी एक गोष्ट कळली नाही. बाळ पापातच जन्मतं, पहिल्या माणसाचं पाप सगळ्यांच्यात उतरतं, म्हणून त्याला पाणी लावायचं, असं तू लिहितोस. दोन महिन्यांच्या जिवानं काय केलं रे? त्याला अजून मान धरता येत नसेल. मी सुलक्षणेवरच चिडलो. ती म्हणाली, "दादा, तुमी का येवढं लावून घेताय? त्यांच्यात तसं असतंय." का लावून घेतलं ते तिला सांगता आलं नाही.

तुमच्या पाळकांना म्हणावं, पाणी कोमट करून घ्या. दगडी देवळात गारवा असतो आणि लहान मुलाची टाळू उघडी असते.

माझं येणं जमेलसं वाटत नाही. गुडघे उतरणीला साथ देत नाहीत. गेनू म्हणतो, नसरापूरपर्यंत टेम्पोनं सोडतो, पुढं एसटी आहे. गेनूचं नाव वाचून तू दचकशील. हो, ठकुबाईचाच गेनू. तुझी आई गेल्यापासून मला दोन्ही वेळची भाकरी त्याच्या घरून येते. तुझं नाव निघालं की तो अजून उठून जातो. माझ्यावर त्याचा राग कधीच नव्हता. पोरानं केलं त्याला बाप काय करणार, असं तो म्हणतो.

आणखी एक. सुलक्षणेनं मोबाईलवर तुझं बोलणं दाखवलं. तू पांढरा सदरा घालून लोकांपुढं उभा आहेस आणि सांगतोस की माझ्या हातून राहिलेल्या निखाऱ्यानं डोंगर पेटला, एक म्हातारी बाई जळून मेली, मी गाव सोडलं, तीन वर्षं दारूत घालवली आणि मग प्रभूनं माझं पाप आपल्या अंगावर घेतलं. तुम्ही त्याला साक्ष म्हणता. समोरच्या बायका डोळे पुसत होत्या.

ते सारखं सांगत जाऊ नकोस. झालं ते झालं. दर वेळी कशाला उकरायचं?

एवढंच कळवायचं होतं. पत्ता सुलक्षणेकडून लिहून घेतला आहे, चुकला असेल तर पत्र परत येईल.

तुझा बाप,
कोंडिबा


वाडीवरून
गुरुवार, १९ फेब्रुवारी

कुमार,

पत्र परत आलं नाही, म्हणजे मिळालं असेल. तुझं उत्तर नाही. रागावला असशील, की बाळ आजारी आहे? ताप असेल तर अंगावर काढू नका.

तुझ्या पत्रात घडी घातलेली एक पुस्तिका होती. ती चार दिवस वाचतो आहे. गेनूनं पाहिलं आणि म्हणाला, "आण्णा, ह्या वयात परीक्षेला बसताय का काय?" मी पुस्तिका उशाखाली सारली. चोरी केल्यासारखं वाटलं.

त्यात पहिल्या माणसाची गोष्ट आहे. देवानं एका झाडाचं खाऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी बायकोनं खाल्लं आणि त्यानंही खाल्लं. मग संध्याकाळच्या वाऱ्याला देव बागेत फिरायला आला आणि त्यानं हाक मारली, तू कुठं आहेस? हा झाडीत लपलेला. देवानं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की बाईनं दिलं म्हणून खाल्लं. यात खोटं काही नव्हतं. तिनंच दिलं होतं. पण मला वाटतं, फळ खाल्लं त्यापेक्षा हे बोलणं वाईट. तुमचे पाळक काय म्हणतात?

ही गोष्ट वाचल्यापासून मला देवळापुढची बैठक आठवते आहे. सूनबाईला, सोनियाला, हे पत्र वाचून दाखवत असशील तर तिला राब काय ते ठाऊक नसेल. तिच्या गावाकडं भात नसतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तिथं डहाळ्या, गवत, शेण आणि वर माती असे थर अंथरतात आणि उन्हाळ्यात जाळतात. त्यानं तण मरतं, रोप जोमानं येतं. त्याला राब भाजणं म्हणतात. पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग दमानं सरकते आणि माती आतपर्यंत भाजते. हे तुला मी शिकवलं होतं. तू चांगला शिकला होतास.

त्या दिवशी तू पहाटे राब पेटवलास, बांधावर बसून राहिलास, चार घागरी पाणी मारलंस आणि भोरला जायचं म्हणून दहाची एसटी धरलीस. दुपारी एकच्या सुमाराला डोंगर पेटला. ठकुबाई वर हिरडा वेचायला गेली होती.

तिसऱ्या दिवशी भैरोबाच्या देवळापुढं सगळे बसले. पोलीस पाटलांनी मला विचारलं, "कोंडिबा, आग कशी लागली?"

मी म्हणालो, "राब भाजायला कुमार गेला हुता."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. तू मान खाली घातलीस आणि म्हणालास, "माझ्याकडनंच ऱ्हायला असंल निखारा." मी तुझ्याकडं पाहिलं नाही. देवळाच्या पायरीवर कुणाची तरी एक चप्पल उलटी पडली होती, तिच्याकडं बघत बसलो.

पेन नीट चालत नाही. थांबतो.

कोंडिबा


वाडीवरून
शुक्रवार, ६ मार्च

कुमार,

मागच्या पत्रात पेन चालत नाही असं लिहिलं होतं. ते खोटं होतं, पेन चालत होतं.

होळी झाली. मी यंदाही गेलो नाही. गेनूच्या सुनेनं पोळी आणून दिली आणि विचारलं की आण्णा होळीला का येत नाहीत. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणालो. अकरा वर्षं हेच सांगतो आहे.

कुमार, तो निखारा तुझा नव्हता.

आता लिहिलं आहे तर सगळं लिहितो. तू गेल्यावर मी राबावर गेलो होतो. हात घालून पाहिलं, राख गार होती. तू काम चोख केलं होतंस. फक्त बांधाकडच्या बाजूनं शेणाचा धूर बारीक निघत होता, तसा तो संध्याकाळपर्यंत निघतोच.

तो धूर पाहून माझ्या मनात आलं की आज डोंगराची कड पेटवावी. वाळलं गवत जाळलं की पावसात नवं दाट येतं, असं आम्ही मानत आलो. माझा बा पेटवायचा, त्याचा बा पेटवायचा. वनखात्याची माणसं सांगून दमली की त्यानं काही होत नाही, उलट माती धुऊन जाते, आणि पेटवणाऱ्यावर गुन्हा होतो. म्हणूनच तो धूर मला बरा वाटला. तुझ्या राबाचा धूर सगळ्या वाडीनं सकाळपासून पाहिलेला. त्यात माझा धूर खपून जाईल, असं मी मनाशी म्हणालो. हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

कड पेटवली. पहिल्यांदा सरळ चालली. मग वारा खिंडीतून फिरला आणि आग वर पळाली. मी डहाळी तोडून झोडत राहिलो, हातावरचे केस करपले. मग घाबरलो आणि ओढ्यानं खाली आलो. घरी येऊन अंग धुतलं. लोक ओरडत पळायला लागले तेव्हा मीही घागर घेऊन त्यांच्याबरोबर पळालो.

तुझ्या आईनं माझा हात पाहिला. हळद-तेल लावलं, विचारलं काही नाही. तीन वर्षांपूर्वी शेवटच्या दुखण्यात ती म्हणाली, "त्याला सांगा." मी हं म्हणालो. आणि तिच्या जाण्याचंसुद्धा तुला दहावं झाल्यावर कळवलं. तू आला असतास तर माझ्याकडं पाहिलं असतंस, त्याची भीती वाटली.

बैठकीनंतर मी तुला म्हणालो होतो, हितं राहू नकोस. तुला वाटलं असेल, बापाला लाज वाटते. तू रोज समोर जेवायला बसायचास, घास घेत नव्हतास. मला ते बघवत नव्हतं. पुढं तू धर्म बदललास असं ऐकलं, तेव्हा मी आरडाओरडा केला, भावकीत सांगितलं की पोरगा मेला. आतून बरं वाटलं होतं. तुझ्याशी न बोलायला जगाला पटेल असं कारण मिळालं.

आता मला वेगळीच भीती आहे. तू ज्या पापातून सुटलास म्हणून लोकांना सांगतोस, ते तुझं नव्हतंच. मग तू सुटलास कशातून? तुझ्या पायाखालची फळी मी काढून घेतो आहे का? तू पुन्हा दारूकडं गेलास तर? हे पत्र पोस्टात टाकायला वेल्ह्यापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा टाकेन.

कोंडिबा


वाडीवरून
मंगळवार, २४ मार्च

कुमार,

तिसऱ्यांदा टाकलं. मिळालं असेलच. सुलक्षणेला फोन करून विचारलं, ती म्हणते कुमारचा फोन नाही, काय झालं? काही नाही म्हणालो. तूही तिला काही बोललेला नाहीस असं दिसतं.

पुस्तिकेच्या मागच्या पानांवर आणखी एक लिहिलं आहे, ते आता उमगतं आहे. पाप वरून उतरत येतं हे खरं, तरी देवानं माणसाला मोकळा ठेवला आहे, हो म्हणायला आणि नाही म्हणायलाही. मी किती वर्षं याच्या उलट धरून बसलो होतो. बा पेटवायचा म्हणून मी पेटवलं. वारा फिरला त्याला मी काय करू. ठकुबाईचं तेवढंच आयुष्य होतं. रात्रंदिवस हेच घोकत होतो. यातलं एकेक खरंच आहे. पहिला काडी लावणारा मी नव्हे.

पण दोन गोष्टी मी मागच्या पत्रातही लपवल्या. आता लपवून काय करू?

एक अशी की त्या दिवशी डोंगराच्या कडेला पोचलो तेव्हा खिशात काडीपेटी नव्हती. मी घरी परत आलो. चुलीजवळून काडीपेटी घेतली, तांब्याभर पाणी प्यालो, ओट्यावर दोन मिनिटं टेकलो आणि पुन्हा चढून गेलो. जाऊन-येऊन अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मला कुणी ढकलत नव्हतं. बा नव्हता, आज्या नव्हता, वाराही पडलेला होता. ओट्यावर बसून राहिलो असतो तर कुणी काही म्हणालं नसतं.

दुसरी ही. सकाळी ठकुबाई आपल्या अंगणावरून गेली. डोक्याला फडकं, काखेत पोतं. म्हणाली, "भावजी, हिरड्याला वर जाते. सुनंला सांगा, दुपारच्याला येते म्हनावं." मी सांगितलं नाही, विसरलो. काडी ओढताना आठवलं. वाटलं, आली असेल खाली. एक हाक मारली असती तर कळलं असतं, वर आहे की नाही. कड्यावरून हाक मारली तर पलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू जाते. पण हाक मारली असती तर मी तिथं आहे हेही सगळ्यांना कळलं असतं.

म्हणून हाक मारली नाही. काडी ओढली.

हे वारसाहक्कानं आलेलं नाही, कुमार. हे माझं एकट्याचं आहे. आणि तरी ते तुझ्या अंगावर गेलं, तू अकरा वर्षं वाहिलंस, गावोगाव आपलं म्हणून सांगितलंस. बापाचं पाप पोरात उतरतं कसं, असं मी तुला पहिल्या पत्रात चिडून विचारलं होतं. मलाच ठाऊक असायला हवं होतं. म्हणूनच चिडलो होतो.

बाळाला पाणी लावाच. तुमचा तो पहिला माणूस मी पाहिलेला नाही, पण बाळाला आपल्या घरातून काय येणार आहे ते मी पाहिलं आहे.

मी येणार नाही. गुडघे हे कारण नाही. तुमच्या देवळात पाऊल टाकायच्या आधी मला दोन घरं सोडून पलीकडं जायचं आहे. आज तिथं जाणार आहे. भाकरी बंद होईल. होऊ दे. तू एवढं कर, साक्ष द्यायला उभा राहिलास तर ती आग आपली म्हणून सांगू नकोस. त्यावाचून सांगायला काही उरलं नाही तर खाली बस.

कोंडिबा


वाडीवरून, राबावरून
गुरुवार, ९ एप्रिल

कुमार,

हे पत्र बांधावर बसून मांडीवर वही ठेवून लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

सुलक्षणा बाप्तिस्म्याला येऊन गेली. काल इथं आली आणि आग कुणाची म्हणून विचारलं, मी सांगून टाकलं. तिनं आधी भांडण केलं. "दादा, आई गेली तवा त्याला कळवू दिलं न्हाई, ते ह्यापायी व्हय?" मी हो म्हणालो. मग ती ओट्यावर पाठ करून बसली. नंतर म्हणाली, ऐका.

तुझ्या पाळकांनी तुला नेहमीसारखं साक्षीला बोलावलं. तू उभा राहिलास. मग म्हणालास, "मी आजवर जी आग माझी म्हणून सांगितली, ती माझी नव्हती." कुणाची ते सांगितलं नाहीस. पुढं म्हणालास, "पण बाप जिवंत असून त्याला मेलेला धरला. आई आजारी आहे हे कानावर आलं होतं, तरी गेलो नाही. मला सुटका लागते ती याची." एवढं बोलून खाली बसलास.

आई आजारी असल्याचं तुला कळलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. लोकांपुढं ते सांगायची तुझ्यावर कुणाची सक्ती नव्हती. ज्या बैठकीत मी बोलायचं टाळलं, तशाच बैठकीत तू बोललास, असं वाटलं.

माझ्याबद्दल तू तिला काही विचारलं नाहीस. ती सांगत नव्हती, मीच खोदून विचारलं. सोनियानं मात्र निघताना विचारलं की आजोबांचे गुडघे कसे आहेत. तिला सांग, तसेच आहेत. पाणी कोमट केलं नव्हतं म्हणे. बाळ रडलं.

आता गेनूचं. त्या दिवशी पत्र टाकून आलो आणि तडक त्याच्या गोठ्यापाशी गेलो. तो वैरण टाकत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, काडीपेटी, हाक, सगळं. त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली नाही. शेवटी एकच विचारलं, "जाताना तिनं तुमाला सांगितलं हुतं?"

"व्हय," मी म्हणालो.

तो आत गेला. संध्याकाळी भाकरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोलिसांत जाईल असं वाटलं, कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती. तो गेला नाही. वाडीत कुणाला बोललाही नाही. मी वाट पाहत होतो की त्यानं ओरडावं, अंगावर यावं. रोज माझ्या दारावरून गुरं घेऊन जायचा आणि मी तिथं नाहीच असं चालायचा. चौदा दिवस पिठलं-भात करून खाल्ला. तोंडाला चव नाही.

परवा दारात येऊन उभा राहिला. "उद्या राब भाजायचा हाय. सकाळच्याला या," म्हणाला. काल तब्येत नरम होती, तसं कळवलं. आज पहाटे पुन्हा आला आणि दारात उभा राहिला. मी काठी घेऊन निघालो.

त्यानं वाऱ्याच्या उलट बाजूनं राब पेटवला. मला बांधावर बसायला सांगितलं. आग दमानं सरकत होती. अकरा वर्षांनी इतक्या जवळून पाहिली. त्यानं ओढ्यावरून चार घागरी आणून माझ्याशेजारी ठेवल्या. धूर बसला तेव्हा मी विचारलं, "गेनू, तू मला काय म्हणणार हाईस का?"

तो डोंगराच्या कडेकडं बघत होता. तिथं आता वनखात्यानं झाडं लावली आहेत, कमरेएवढी झाली आहेत. म्हणाला, "हितं बसायचं. मी सांगंपतूर उठायचं न्हाई."

आणि खाली निघून गेला.

तेव्हा सकाळ होती, आता ऊन कलतं आहे. चारही घागरी मारून झाल्या. खालच्या वाटेनं त्याची गुरं घरी गेलेली दिसली, तो त्यांच्या मागं होता. त्यानं वर पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. या खेपेला हाक मारायची ती त्यानं.

तुझी पुस्तिका म्हणते की सुटका आपली आपल्याला करून घेता येत नाही, ती दुसऱ्यानं द्यावी लागते. वाचताना ते नुसते शब्द वाटले होते.

राबात आत्ताच कोपरापर्यंत हात घालून पाहिला. माती तळापासून गार आहे. गेनू अजून उठा म्हणालेला नाही.

कोंडिबा